कुळागराचा वास आणि बशीतली बुरशी

गोव्याचा आणि यीस्टचा घरोबा जुना. पोदेराचा पाव एकेकाळी माडाच्या सुरेने फुगवला जाई, सान्नां अजूनही अनेक घरांत सुरेवरच होतात. मार्च-एप्रिलमध्ये पेडणे, डिचोली, सत्तरीच्या बागांत काजूची बोंडे तुडवून रस काढला की दोन-तीन दिवसांत तो फसफसतो; मग भट्टी लागते, आधी हुर्राक, नंतर फेणी. २००९ साली या काजूफेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पावापासून पेल्यापर्यंतच्या या कारभारामागे मुख्यतः सॅकरोमायसिस नावाची एकपेशीय बुरशी असते. ती साखर खाते, मद्यार्क आणि वायू सोडते, आणि त्याबद्दल आपण तिचे ऋणी असतो.

याच गोतावळ्यातली दुसरी बुरशी मात्र कुणी हौसेने घरात आणत नाही. ती आधीपासून घरातच असते. कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्ट कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गात मुकाट्याने राहते. शेजारच्या जिवाणूंच्या गर्दीत तिला फार वाढता येत नाही. पण प्रतिजैविकांच्या एखाद्या कोर्सने ते जिवाणू मेले, रक्तातली साखर चढली, प्रतिकारशक्ती उतरली, किंवा त्वचेची घडी दिवसेंदिवस ओली राहिली, की हीच पाहुणी घर बळकावते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखे पांढरे थर, कवळीखाली लाल झालेली टाळू, जांघेत चुरचुरणारे चट्टे, पांढरे जाणे आणि असह्य खाज: सगळी तिचीच रूपे.

गोव्यात तिला हवे ते सारे आयते मिळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भाताच्या खाचरात उभे राहणाऱ्याच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. त्या चिखल्यांत नायट्याच्या जातीची बुरशी, जिवाणू आणि कॅन्डिडा यांची मिसळ असू शकते. त्यात भर मधुमेहाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला होता: २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांत एकाहून थोडे जास्तच. रक्तात साखर, हवेत दमटपणा. यीस्टला आणखी काय हवे?

तरीही प्रत्येक खाज बुरशीची नसते, आणि हे सांगणारा चांगला पुरावा गोव्यातच जमा झाला आहे. डिचोलीला लागून असलेल्या बार्देश तालुक्यात हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, या शतकाच्या सुरुवातीला, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची घरोघर जाऊन पाहणी केली. नुसते प्रश्न विचारून न थांबता नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासले. कॅन्डिडा सापडली ८.५ टक्के स्त्रियांत. त्याच्या दुपटीने, १७.८ टक्के स्त्रियांत, जिवाणूंचा समतोल बिघडलेला होता, ज्यावर बुरशीचे औषध काडीचे चालत नाही. आणि पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांचा वेगळा अभ्यास केला तेव्हा त्या तक्रारीचे नाते जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी, उदासीनतेशी अधिक घट्ट निघाले. पुढे लवंग-दालचिनीच्या तेलांचे गुणगान येणार आहे. ते वाचताना हे आकडे शेजारी ठेवावेत. औषध कितीही गुणी असो, ते ज्याच्यावर चालते तो शत्रू समोर असल्याची खात्री आधी हवी.

बुरशीला मारणे जिवाणूला मारण्याइतके सोपे का नाही, याचे उत्तर थोडे अपमानास्पद आहे: ती आपल्या फार जवळची आहे. जिवाणूची पेशी आपल्याहून इतकी वेगळी की पेनिसिलिन तिची भिंत पाडते आणि आपल्याला धक्काही लागत नाही. यीस्टच्या पेशीत मात्र आपल्यासारखेच केंद्रक, आपल्यासारखीच अंतर्गत यंत्रणा. तिला मारणारे बरेचसे विष आपल्यालाही मारते. मोठा फरक दोन जागी. एक, तिला बाहेरून भिंत आहे. दुसरा, पेशीच्या पडद्यात आपण कोलेस्टेरॉल वापरतो, ती एर्गोस्टेरॉल वापरते. बहुतेक बुरशीनाशके या दुसऱ्या फटीतूनच आत शिरतात. फ्लुकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल ही मंडळी एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. निस्टॅटिनसारखी औषधे तयार एर्गोस्टेरॉलला चिकटून पडद्याला भोके पाडतात.

निस्टॅटिन १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी मातीतल्या सूक्ष्मजीवातून काढले आणि त्याला आपल्या न्यूयॉर्क राज्याचे नाव दिले. मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते ते असे की, तसलेच एक औषध आपल्या पिंपरीच्या नावाशी जोडलेले आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६० च्या आसपास स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन मिळवले. बुरशीवर चालणारे हे अस्सल भारतीय औषध. एखाद्या शहराचे नाव जंतूला मिळावे आणि त्या शहरातल्या लोकांना त्याचा पत्ताही नसावा, हे आपल्याकडे चालते.

औषधे आहेत, पण मोजकी. आणि जंतू त्यांना सरावत चालले आहेत. २००९ साली जपानमध्ये एका वृद्धेच्या कानातून कॅन्डिडा ऑरिस ही नवी जात सापडली. काही वर्षांतच ती भारतासह जगभरच्या रुग्णालयांत पोचली, आणि तिचे अनेक नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तिच्यात सर्वांत वरच्या गटातल्या चौघींत कॅन्डिडा ऑरिस आणि आपली जुनी अल्बिकन्स या दोघीही आहेत. नव्या रेणूंचा शोध म्हणूनच निकडीचा झाला, आणि शोधणाऱ्यांची नजर वनस्पतींकडे वळली. झाडांचे बुरशीशी वैर माणसाच्याही आधीचे. पळून जाता येत नसल्यामुळे झाड रसायनांनी लढते, आणि त्यातली बरीच रसायने आपल्या नाकाला सुगंध वाटतात.

डिचोली-सत्तरीकडच्या एखाद्या कुळागरात शिरले की हा शस्त्रसाठा एकाच जागी भेटतो. वर सुपारी आणि माड, सुपारीला वेढून चढलेली मिरी, सावलीत जायफळ, पाटाच्या कडेला हळद आणि वेलची, बांधावर गवती चहा, कुंपणाशी निरगुडी, काट्यांनी भरलेले तिरफळाचे झाड, आणि दालचिनी, जिला कोकणीत तिखी म्हणतात. स्वयंपाकघर आणि आजीबाईचा बटवा एकाच बागेवर चाललेले. हळदीची पाने पातोळ्यांना, तिरफळ बांगड्याच्या हुमणाला, ओवा पोटाला, लवंग दाताला.

यांतले तिखीचे झाड जरा थांबून पाहण्यासारखे आहे. साल सोलून हुंगली तर ओळखीचा गोडसर तिखट वास येतो. तो सिनॅमाल्डिहाइडचा, सालीच्या तेलाचा बहुतांश भाग तेच असते. आता त्याच फांदीचे पान चुरगाळा. वास लवंगेकडे झुकतो, कारण पानाच्या तेलात मुख्य घटक युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातलाच. मुळाच्या सालीचे तेल काढले तर त्यात कापूर सापडतो. एक झाड, तीन अवयव, तीन वेगळी तेले. मग बाटलीवर नुसते ‘दालचिनीचे तेल’ लिहिले असेल तर आत नेमके काय आहे? हा प्रश्न प्रयोगशाळेत जितका महत्त्वाचा, तितकाच दुकानात. तुळशीचे तर विचारूच नका: एका वृंदावनातल्या तुळशीत युजेनॉल भरपूर, शेजारच्या घरच्या तुळशीत दुसरेच काही. जात, माती, पाऊस, तोडणीचा महिना, पाने ओली की सुकी, सगळ्याने प्रमाण बदलते. म्हणून चांगला संशोधक पेडण्याहून पान आणले एवढे लिहून थांबत नाही. कुठल्या गावचे, कुठल्या महिन्यातले हे नोंदवतो, नमुना दाबून-सुकवून वनस्पतिसंग्रहात ठेवतो, आणि तेलातला एकेक घटक यंत्रावर वेगळा करून मोजतो.

हे तेल म्हणजे खोबरेल नव्हे. कागदावर खोबरेलाचा थेंब टाकला तर डाग राहतो. लवंगेच्या तेलाचा थेंब टाकला तर तो हळूहळू उडून जातो आणि मागे जेमतेम खूण उरते. उडून जाणे हाच याचा स्वभाव, आणि काढण्याची रीतही त्यावरच बेतलेली. गोव्यात ती कुणाला नव्याने समजावायला नको, कारण फेणीच्या भट्टीचेच हे भावंड. भांड्यात पाणी आणि पाने घालून उकळतात, वाफ नळीने नेऊन थंड करतात, खाली पाणी आणि तेल वेगवेगळे होतात. युजेनॉल एकटे उकळायला अडीचशेहून अधिक अंश तापमान लागते, पण वाफेच्या सोबतीने ते शंभरच्या आतच निघून येते. प्रयोगशाळेतले काचेचे उपकरण क्लेव्हेंजरने १९२८ साली बेतले. त्याने त्याचे दोन नमुने केले होते: एक पाण्यावर तरंगणाऱ्या तेलांसाठी, दुसरा बुडणाऱ्यांसाठी. गवती चहाचे तेल तरंगते. लवंगेचे आणि तिखीच्या पानाचे पाण्याहून जड, ते तळाला बसते. हाती किती लागते? सुक्या लवंगेतून शंभराला पंधरा-वीस भागही निघतात, पण ओल्या गवती चहातून अर्धा टक्का मिळाला तरी पुष्कळ.

तेल मिळाले की त्याची कॅन्डिडाशी गाठ घालून द्यायची. सोपी रीत बशीची: बशीत खाद्यमिश्रित जेली ओतून थिजवतात, तिच्यावर यीस्ट पसरतात, मधोमध तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती बुरशी न वाढलेले कडे किती रुंद आहे ते मोजतात. फोटो झकास येतो. पण या रीतीत एक गोम आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, आणि जेली म्हणजे बहुतांश पाणीच. त्यामुळे जोरदार तेलही नीट पसरले नाही तर कडे अरुंद दिसते. म्हणून खरी परीक्षा द्रवात घेतात. छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत तेल निम्म्या-निम्म्याने पातळ करत जायचे, प्रत्येकात सारखीच यीस्ट घालायची, आणि कुठल्या पातळीपर्यंत वाढ थांबते ते पाहायचे. तेल पाण्यात मिसळावे म्हणून थोडा विद्रावक घालावा लागतो, आणि तो विद्रावकच यीस्टला मारत नाही ना याची वेगळी चाचणी करावी लागते. इथेही तेल खोडी काढतेच: वाफ होऊन शेजारच्या खळग्यात जाते आणि जिथे काहीच घातलेले नाही तिथली यीस्टही मारते. ताटली झाकायला विसरलेल्या विद्यार्थ्याचा सगळा दिवस त्यात वाया जातो.

एवढ्या काळजीने केलेल्या प्रयोगांचे निकाल मात्र दुमत ठेवत नाहीत. युजेनॉल, ओव्यातला थायमॉल, दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातला सिट्रल हे चौघे कॅन्डिडाला मारतात. पोर्तुगालमधल्या एउजेनिया पिंटो, लिजिया साल्गेइरो यांच्या गटाने २००९ मध्ये लवंगेच्या तेलाबद्दल दाखवले की ते कॅन्डिडाबरोबर नायट्याच्या बुरशीवरही चालते आणि एर्गोस्टेरॉल घटवते. दिल्लीच्या जामिया मिल्लियातल्या संशोधकांनी थायमॉलबद्दल तसेच काही मांडले. हे रेणू लहान आणि तेलकट असल्यामुळे पेशीच्या पडद्यात सहज घुसतात, पडदा ढिला करतात, आतले क्षार बाहेर झिरपू लागतात. सिनॅमाल्डिहाइडची चाल निराळी; ते थेट प्रथिनांना जाऊन चिकटते. एका तेलात असे अनेक रेणू एकदम हल्ला करत असल्याने जंतूला सरावायला अवघड जाते, असा तर्क केला जातो. तर्क बरा आहे. सिद्ध झाला म्हणण्याची घाई मात्र नको.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते नांदेडचे काम. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात मोहन करुप्पायिल, जयंत राऊत आणि सहकाऱ्यांनी वनस्पतींतल्या २८ टर्पेनॉइड रेणूंची परीक्षा घेतली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. बुरशी मरते का, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. कॅन्डिडाचे खरे उपद्रवमूल्य तिच्या रूप बदलण्यात आहे. माणसाच्या रक्तद्रवात ३७ अंशांवर ठेवली तर दोन-तीन तासांत तिच्या गोल पेशीला कोंब फुटतो, कोंबाचा लांब तंतू होतो, आणि तो तंतू ऊतींत घुसतो. मग पेशी आणि तंतू मिळून कवळीवर, नळीवर, श्लेष्मल त्वचेवर एक चिवट थर बांधतात. त्या थरात बसलेल्या यीस्टवर नेहमीची औषधे पुरेशी चालत नाहीत. नांदेडच्या गटाने तपासले ते हे: कोंब फुटणे, चिकटणे, थर धरणे. त्यांतले बरेच रेणू हे अडवणारे निघाले, आणि लिनॅलूल, मेन्थॉलसारख्या काहींनी यीस्ट मारण्यापेक्षा थर रोखण्यात जास्त करामत दाखवली. शत्रूला ठार करणे आणि त्याला उपद्रव करू न देणे हे दोन वेगळे हेतू आहेत. दुसरा कदाचित अधिक शहाणपणाचा, कारण कॅन्डिडा आपल्या शरीरात कायमची राहणारच आहे.

इथपर्यंत सारे आनंदाचे. आता हिशेब.

कॅन्डिडा अल्बिकन्सला रोखायला फ्लुकोनॅझोल मिलिलिटरमागे दोन मायक्रोग्रॅमच्या आत पुरले तरच ती औषधाला वश आहे असे मानतात. लवंगेच्या तेलाला त्याच कामासाठी साधारण शेकड्यांनी मायक्रोग्रॅम लागतात. ताटलीत ते घालायला काही हरकत नसते, पण एवढे युजेनॉल रक्तात पोचेपर्यंत यकृताचे काय होईल? लवंगेचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. गोळी करून गिळण्याचा मार्ग जवळपास बंदच. उरतो बाहेरून लावण्याचा. तिथे तेल काम करू शकते, पण पातळ करून. सालीचे दालचिनी तेल निव्वळ लावले तर कातडी भाजते. योनिमार्ग किंवा तोंड इतके नाजूक की तिथे ती जोखीम घेऊच नये.

माणसांवरच्या चाचण्या त्यामुळेच थोड्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ एचआयव्हीबाधित ९० रुग्णांचे तीन गट करून तोंडातल्या कॅन्डिडावर एकाला जेन्शियन व्हायोलेट, म्हणजे आपले जांभळे औषध, दुसऱ्याला लिंबाचा रस आणि तिसऱ्याला गवती चहाचा काढा दिला गेला. २००९ मधल्या त्या अहवालात लिंबू आणि गवती चहा जांभळ्या औषधापेक्षा सरस ठरले. उमेद वाढवणारी गोष्ट. पण तुलना आजच्या चांगल्या औषधाशी नव्हती, रुग्ण थोडे होते, आणि वापरला तो काढा, बाटलीतले तेल नाही. बशीतल्या शेकडो प्रयोगांच्या तुलनेत असले काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला हे असंतुलन खटकते. पदवीसाठी बशीतले कडे मोजणे सोयीचे पडते, रुग्णांसोबत महिनोन्‌महिने काम करणे गैरसोयीचे.

दुसरे खटकते ते ‘हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते’ हे वाक्य. गोव्याच्या मातीत वनस्पतिज्ञानाची परंपरा थोर आहे, यात वाद नाही. १५६३ साली गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरचा संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे यांच्या बारा खंडांच्या ‘होर्टस मलबारिकस’साठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी मदत केली, आणि १६७५ साली त्याची ग्वाही नागरी अक्षरांत लिहून दिली. पण तोंडातल्या पांढऱ्या थरात बुरशी असते हे दिसले ते १८३९ मध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली, लँगेनबेक या जर्मन डॉक्टरला. आणि कॅन्डिडा हे नाव क्रिस्टिन बेर्कहाउट हिने १९२३ मध्ये दिले. जुन्या वैद्यांना रोगाची लक्षणे ठाऊक होती, कुठल्या पाल्याने आराम पडतो याचा अनुभव होता. तो अनुभव हे शोधाचे आरंभस्थान. त्याला शेवटचा निकाल मानले तर त्या वैद्यांच्या निरीक्षणालाही आपण न्याय देत नाही.

पुढचे काम कुठे व्हावे याला आता जागा आहे. पेडणे तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाले. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते. ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. एका ठिकाणी वनस्पती, दुसऱ्या ठिकाणी रुग्ण, तिसऱ्या ठिकाणी यंत्रे, आणि तिन्हींमधले अंतर दीड तासाच्या आतले. कवळी वापरणाऱ्या मधुमेही वृद्धांच्या तोंडातली कॅन्डिडा ही इथली रोजची तक्रार. कवळी रात्रभर बुडवून ठेवायच्या द्रावणात तिखीच्या पानाचे तेल पातळ करून घातले तर थर कमी होतो का, हा प्रश्न स्वस्त आहे, धोका कमी आहे आणि उत्तर उपयोगी पडेल. तेलाची मागणी वाढली तर पानच घ्यावे, साल नव्हे. पान पुन्हा फुटते, साल सोललेली फांदी वाळते. आणि घाईही करावी. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला, डिचोलीच्या डोंगरांचा बराच भाग खाणींनी आधीच पोखरला. जे झाड उरले नाही, त्याचे तेल कुणी तपासणार नाही.

तोवर वाचकांसाठी व्यवहाराचे चार शब्द. पावसात पायाची बोटे धुऊन कोरडी करा. चिखल्यांवरचा हा पहिला उपाय, आणि फुकटचा. तोंडातला पांढरा थर, जांघेतली खाज किंवा पांढरे जाणे पुन्हा पुन्हा होत असेल तर बुरशीच्या औषधाआधी रक्तातली साखर तपासा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. गवती चहा प्या, तिरफळ बांगड्यात घाला, पातोळ्या हळदीच्या पानातच वाफवा. त्यात गैर काही नाही. बाळाच्या तोंडात मात्र लवंगेचे किंवा ओव्याचे तेल घालू नका. आणि एखादे तेल स्वतःच्या अंगावर लावून पाहिलेच असेल, तर डॉक्टरांपासून ते लपवू नका, कारण तेलाने भाजलेली त्वचा आणि बुरशीने लाल झालेली त्वचा वरून बरीचशी सारखी दिसते, आणि दोहोंचे उपचार अगदी वेगळे आहेत.